गंध लावलेला फोन

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई भारी चिवट. ‘सुनंदाताई, दुकानातलं काहीतरी लिहून द्या’ म्हणून श्रावणापासून मागे लागल्या होत्या आणि मी आज देते, उद्या देते करत त्यांना दसऱ्यापर्यंत लटकवलं. रागावल्या असतील तर रागावू देत. मला हा दसरा बघूनच लिहायचं होतं.

तर, मी चेन्नईच्या आवडी उपनगरात, स्टेशनजवळच्या बाजारात जिन्याखालच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करते. मूळची सांगलीकडची. आमचे हे इथल्या रणगाड्यांच्या कारखान्यात फिटर, म्हणून लग्न करून चेन्नईत आले. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मी बायकांच्या शिवणवर्गात नाव घालायला गेले होते. तो भरला होता. शेजारच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचा वर्ग होता आणि तिथं पंखा चालू होता, म्हणून जाऊन बसले ती बसलेच. हे म्हणाले, “घरातला मिक्सर तरी कधी नीट केलायस का?” आता स्वतः निवृत्त झालेत आणि रोज सकाळी माझ्या दुकानाचं शटर तेच वर करतात. मी नुसती बघते.

इथं मला सगळे ‘अक्का’ म्हणतात. बायका जास्त येतात, कारण आपला फोन परक्या बाप्याच्या हाती द्यायचा म्हणजे कपाट उघडून दिल्यासारखंच. तमिळ मला झक्क येतं, फक्त त्याला सांगलीचा वास येतो असं गिऱ्हाईकं म्हणतात. येऊ दे की.

काच फुटली, बॅटरी फुगली, ही कामं दिसतात तरी. खरी गंमत फोनच्या आतल्या बिघाडात. फोन चालू करावा, कंपनीचं चिन्ह यावं, जावं, पुन्हा यावं, आणि गाडी पुढं सरकूच नये. माणूस घाबरतो. फोन मेला म्हणून माझ्यापुढं आणून ठेवतो. अहो, मेला कुठला! त्याच्या आत एक मागचं दार असतं, त्याला रिकव्हरी मोड म्हणतात. फोन बंद करायचा आणि आवाज वाढवायचं बटण व पॉवरचं बटण एकदम दाबून धरायचं. कंपनीगणिक थोडा फरक असतो, पण रीत हीच. मग एक काळा पडदा येतो आणि त्यावर बारीक अक्षरात चार ओळी. तिथं काचेवर बोट चालत नाही. आवाजाच्या बटणानं वर-खाली सरकायचं आणि हवी ती ओळ पॉवरच्या बटणानं निवडायची.

त्या ओळींत एक असते ‘पुन्हा सुरू करा’. एक असते साठलेला कचरा काढायची, तिला आम्ही कॅशे म्हणतो. ती म्हणजे ओटा पुसणं, भांडीकुंडी जागच्या जागी राहतात. आणि तिच्याच शेजारी एक असते, सगळं पुसून टाकायची. ती म्हणजे घर धुऊन मोकळं. फोटो, आवाज, निरोप, सगळं जातं आणि फोन डब्यातून आत्ता काढल्यासारखा कोरा होतो. एक बटण इकडचं तिकडं झालं की संपलं. माझ्या धंद्यातली सगळी अक्कल काय असेल तर ह्या दोन ओळींमधल्या बोटभर अंतरात आहे.

एन्नोरची सेल्वी मासळी विकते. तिचा फोन असाच चिन्हावर अडकला होता. ती तो कानाला लावून ऐकत होती, आत धुगधुगी आहे का म्हणून. मी ओटा पुसला, फोन सुरू झाला. सेल्वीनं दुकानातच मला मिठी मारली. त्या दिवशी आमच्या घरी मांजरं माझ्या मागं लागली होती.

जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या कंपनीत नोकरी करणारा एक पुण्याचा मुलगा आला होता. त्यानं हौसेनं कसलं तरी अर्धकच्चं नवं व्हर्जन फोनमध्ये टाकलं होतं. मी मराठीत बोलले तर असा खुलला की फोन राहिला बाजूला, मला म्हणतो, “काकू, इथं थालीपीठाची भाजणी कुठं मिळते?” भाजणी माझ्याकडूनच गेली. फोन पण नीट झाला.

सगळंच गोड झालं असं नाही. एक निवृत्त रेल्वेवाले गृहस्थ होते, एग्मोरला राहणारे, फार सज्जन. त्यांनी कुठंतरी वाचून घरीच फोन पुसला आणि मग माझ्याकडे आणला. बायकोबरोबरच्या काशीयात्रेचे फोटो होते, एकही उरला नव्हता. मी दोन दिवस डोकं आपटलं, काही हाती लागलं नाही. ते उलट मलाच म्हणाले, “परवा इल्ल, अम्मा.” राहू द्या, असं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून काउंटरवर तमिळमध्ये पाटी आहे, ‘पुसण्याआधी विचारा’.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षीच्या दसऱ्याची.

आपल्याकडे दसऱ्यालाच हत्यारं पुजतात. इथं आदल्या दिवशी आयुधपूजा असते आणि तिचा थाट विचारू नका. बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षाला हार घालतात, चौकाचौकात कोहळे फोडतात. शिवणयंत्र, वजनकाटा, मुलांची पुस्तकं, ज्याचं जे हत्यार असेल ते पुसून त्याला चंदनाचं गंध आणि कुंकू लावून देवापुढं ठेवायचं. आणि नियम असा की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. त्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा करायची आणि मगच उचलायचं. मीसुद्धा माझं गरम हवेचं यंत्र, पेचकस, चिमटे, सगळं पुजते.

तर त्या दसऱ्याच्या सकाळी मी दुकान उघडून ह्यांच्यावर फोनवरून करवादत होते, कारण हे माझा डबा द्यायचा विसरले होते. समोर एक आजी येऊन उभ्या. दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, सुती चौकटीची साडी, हातात रुमालात बांधलेला फोन. माझं ओरडणं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या,

“तूं मराठी का मा? बरें झालें. तमिळांत रडणें मज जमत नाहीं.”

मी चाटच पडले. ह्या अंबुजाबाई. तंजावरकडच्या मराठी. ह्यांचे पूर्वज इकडे इतक्या पिढ्यांपूर्वी आलेले की महाराष्ट्र त्यांनी नकाशातच पाहिलेला. मुलगा सरकारी नोकरीत, म्हणून आवडीला राहतात. त्यांचं मराठी ऐकताना मला पोथी ऐकल्यासारखं वाटतं, फक्त मध्येमध्ये ‘अय्यो’ आणि ‘सरी’ पेरलेलं.

“काय झालं, आजी?”

“अय्यो, काय सांगूं! फोन उघडीतच नाहीं. काळें काळें येतें आणि इंग्रजी अक्षरें. पलीकडचे दुकानांतला म्हणाला, अस्कें पुसून टाकितों, फोन नवा होईल. नवा मज कशास? मज आंतलें पाहिजे.”

अस्कें म्हणजे सगळं. बरं झालं बाईंनी तिथं ‘सरी’, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हटलं नाही.

मी त्यांना स्टूल दिलं आणि आत काय आहे ते विचारलं. त्यांनी आधी मागं-पुढं पाहिलं.

“गाणें आहे. घरीं कोणास ठाऊक नाहीं. रविवारीं आमचें लग्न आहे.”

मी बघतच राहिले, तशा लाजल्या. मग उलगडा झाला. इकडे माणसाला ऐंशी पूर्ण झाली की शताभिषेक करतात, आणि त्यात नवरा-बायकोचं लग्न पुन्हा लावतात, मंगळसूत्र पुन्हा बांधतात. त्यांच्या सेतुरावांचा शताभिषेक होता. आणि ह्यांच्या पहिल्या लग्नात, हळद कुटताना, घरच्या बायकांनी एक मराठी गाणं म्हटलं होतं. ते आता घरात कुणालाच येत नव्हतं. मुलगा तमिळ बोलतो, नात इंग्रजी.

“तुम्हाला नाही येत?”

“नवरीस कसें येईल? नवरी मान खालीं घालून बसली होती. नुसता आवाज ध्यानांत.”

म्हणून बाईंनी उन्हाळाभर काय केलं, तर ‘देवदर्शनाला जाते’ सांगून तंजावर, कुंभकोणम पालथं घातलं. त्या लग्नातल्या ज्या म्हाताऱ्या अजून होत्या त्यांना शोधून काढलं. एकीला एक कडवं, दुसरीला दुसरं. कुंभकोणमच्या मावशीला बसल्या जागी काही म्हणजे काही आठवेना. ह्यांनी तिच्या हातात मुसळ दिलं, तशी कुटता कुटता एका दमात म्हणाली. सगळं ह्या फोनमध्ये भरलेलं. दुसरीकडे कुठं पाठवून ठेवावं, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि नातीला विचारावं तर गुपित फुटणार.

“पुन्हा जाऊन म्हणवून घेता येईल की,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. “मावशीस आतां मीहि ओळखूं येत नाहीं मा.”

मी हात पुढं केला. म्हटलं, आणा इकडे. आणि इथं घोटाळा झाला. फोन माझ्या हाती देताना त्यांच्या अंगठ्यानं पॉवरचं बटण दाबलं गेलं.

पडद्यावर रिकव्हरीच्याच ओळी होत्या. पण उजळलेली पट्टी स्थिर नव्हती, आपली आपण उड्या मारत होती, वर, वर, वर. आणि अंगठा लागला तेव्हा नेमकी ती नको त्या ओळीवर होती. फोननं मला विचारलं, सगळं पुसू का? खाली दोन शब्द, ‘नको’ आणि ‘हो’. आणि ती पट्टी ‘नको’वर, ‘हो’वर, ‘नको’वर, ‘हो’वर. कुणाचं बोट नाही, काही नाही.

काही दाबायची सोयच नव्हती. बंद करावा तर त्यालाही पॉवरचंच बटण. ते दाबलं आणि पट्टी तेव्हा ‘हो’वर असली तर? मावशी गेली, मुसळ गेलं, गाणं गेलं.

“काय झालें?” आजींनी विचारलं.

“काही नाही. तुम्ही देवाचं नाव घ्या आणि फोनला शिवू नका.”

एकच वाट होती. मागचं झाकण उघडून बॅटरीची तार काढायची, म्हणजे फोन दिवा विझावा तसा विझेल, कसला प्रश्न नाही, कसलं उत्तर नाही. पण बाजूची बटणं दाबली न जाता झाकण काढायचं. मी फोन दोन रबरांवर आडवा टेकवला. यंत्रानं झाकणाला गरम हवा दिली, डिंक मऊ झाला, कडेनं पातळ पट्टी सरकवत नेली. बटणाच्या बाजूला आले तेव्हा मी श्वासच घेतला नाही. आजी एकीकडे ‘रामा, रामा’ आणि मध्येच “हळू मा, हळू” करत होत्या. अहो, मी काय पळत होते!

झाकण निघालं. तार काढली. पडदा विझला. आणि आतून असा घमघमाट आला म्हणून सांगू! देवघराचा. चंदनाचा.

मी चमकून वर पाहिलं. समोर माझं गरम हवेचं यंत्र, त्याच्या कपाळावर कालचं वाळलेलं गंध. मी फोन उभा धरला. आवाज वाढवायच्या बटणाच्या फटीत पिवळी धम्मक खळ वाळून सिमेंट झाली होती.

“आजी, काल पूजेत फोन ठेवला होता?”

“मग? ह्यांचा चष्मा, नातीचा कंप्यूटर, माझी कढई, अस्कें ठेविलें. फोन बंद करून ठेविला. सुट्टी द्यावी ना!”

“आणि गंध कुठं कुठं लावलं?”

“पुढें, मागें, बाजूंस.” मग हळूच म्हणाल्या, “ह्यास अंमळ जास्त लाविलें. गाणें होतें ना आंत!”

मला हसू आवरेना. सगळा उलगडा झाला होता. रिकव्हरीत जायचं तर बंद फोनचं आवाजाचं बटण दाबून धरून पॉवर दाबायचं. आजींनी फोन बंद केला, बटणात चंदन भरलं, दिवसभर वाळवलं आणि दसऱ्याच्या सकाळी भक्तिभावानं पॉवर दाबलं. आवाजाचं बटण चंदनानं आधीच दाबून धरलं होतं! बिचारा फोन शिस्तीत मागच्या दारानं आत गेला. पट्टीच्या उड्याही त्या अडकलेल्या बटणाच्याच. सॉफ्टवेअरला काही धाड भरली नव्हती. आणि त्या पलीकडच्या दुकानदारानं खरंच सगळं पुसलं असतं तरी फोन पुन्हा त्याच काळ्या पडद्यावर आला असता!

ब्रश आणि स्पिरिटनं मी ते बटण असं धुतलं, जशी देवाची मूर्ती धुवावी. दाबून पाहिलं, टिक करून खाली, टिक करून वर. तार जोडली, झाकण बसवलं आणि नुसतं पॉवर दाबलं. चिन्ह आलं. गेलं. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, कुणी कुणाचा धरला आठवत नाही. आणि फोन ती सुरू व्हायची धून वाजवत उघडला. आजींनी तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, “लाव, लाव, आधीं गाणें लाव.”

मुसळाचा ठोका आणि त्यावर एक कापरा आवाज:

‘पिवळ्या पावलांनी कोण आली गं दारीं,
कावेरीचें पाणी घाला, नवरी उभी सामोरी.’

आणि काय सांगू, दुसऱ्या ओळीला मी चाल धरली होती. माझं मलाच कळलं नाही. शब्द मी जन्मात ऐकले नव्हते, पण चाल आमच्या आत्याची. आत्या ह्याच चालीवर हळद दळायची. इतकी वर्षं मी ह्या शहरात आहे, मजेत आहे, पण आत कुठंतरी आपण पाहुणे आहोत असं वाटायचंच. त्या मिनिटाला वाटेनासं झालं. मी रडत होते आणि हसतही होते. आजींनी गाणं थांबवलं.

“तुज कसें येतें?”

“चाल येते, आजी. आमचे शब्द वेगळे आहेत.”

“म्हण.”

मी म्हटलं:

‘पिवळ्या हातांनी गं जातं कसं ओढू,
कृष्णाकाठचं माहेर मी सांगा कसं सोडू.’

आजींनी स्टुलावर बोटांनी ठोका धरला. मग म्हणाल्या, “आमचें तिसरें कडवें कोणासच आठवत नाहीं. तें तुझें घालूं.”

गाण्याच्या प्रती मी तिथल्या तिथं काढल्या. एक त्यांच्या हातात दिली, एक माझ्याकडे ठेवली. आणि रविवारी मला आमंत्रण, यजमानांसकट. आमचे हे धोतर नेसून आले, लग्नानंतर पहिल्यांदाच. मांडवात नादस्वर थांबलं, नातीनं स्पीकरला फोन जोडला, आणि कुंभकोणमच्या मावशीचा आवाज मुसळाच्या ठोक्यासकट सगळ्यांवर पसरला. दोन कडवी झाली. तिसऱ्याला आजींनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी म्हटलं. माझा आवाज काही खास नाही, पण कृष्णा कावेरीत नीट मिसळली. नात डोळे पुसत होती आणि अर्थ विचारत होती. सेतुराव मात्र आजींना म्हणाले, “हें त्या दिवशीं म्हटलें होतें? मज भूक लागली होती, मीं ऐकिलेंच नाहीं.” अख्खा मांडव हसला. आजींनी नव्या नवरीसारखी मान खाली घातली, पण ह्या खेपेला गाणं त्यांना पाठ होतं. ओठ हलत होते.

आता संपादकबाई, मी कशासाठी थांबले होते ते. यंदाच्या आयुधपूजेला संध्याकाळी मी दुकानात सगळी हत्यारं मांडून गंध लावत होते, तर अंबुजाबाई आल्या. फोन दाखवला. मागं प्लास्टिकचं कव्हर, त्यावर मधोमध एक टिकली एवढं गंध, बटणांपासून हातभर लांब. “शिकलें मी,” म्हणाल्या. मग माझ्या मांडामांडीकडे पाहिलं, यंत्राला लावलं का, चिमट्याला लावलं का, सगळं तपासलं आणि माझी गंधाची वाटी उचलली.

“खरें आयुध राहिलें की गे!”

म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात ओढून घेतले आणि दहाही बोटांना चंदन लावलं. अंमळ जास्तच लावलं. वर कुंकू टेकवलं आणि हातांना नमस्कार केला. मी ओशाळले. ह्या हातांना आजवर कुणी असं पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

घरी आले तर हे आरामात बसलेले. “चहा टाकतेस ना?” म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं धरले आणि म्हटलं, “पिवळ्या हातांनी गं जातं कसं ओढू? उद्या सकाळच्या पूजेपर्यंत ह्यांना सुट्टी आहे. नियम म्हणजे नियम.”

ह्यांनी हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. चहा थोडा पाणचट झाला होता, उपम्यात मीठ जास्त होतं. मी बोटांवरचं चंदन सांभाळत, चमच्यानं, सगळा संपवला.